शाबासकी कशी द्यावी: कारखान्यात कौतुक आणि बक्षीस योजना सुरू करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. साठ ते दीडशे माणसांची फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना) किंवा मशीन शॉप. एचआरला नवा माणूस रुजू होतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याला सांगितलं जातं, ‘आपल्याकडे एम्प्लॉयी ऑफ द मंथ सुरू करा.’ फ्रेम येते, फोटो लागतो, पहिले तीन महिने टाळ्या वाजतात. त्यानंतर नाव कुणाचं द्यायचं हेच सुचत नाही, कारण नाव कशासाठी द्यायचं ते सुरुवातीला ठरलेलंच नसतं. हा लेख अशी जबाबदारी अंगावर आलेल्या माणसासाठी आहे, मग तो एचआरचा असो, सुपरवायझर असो की वडिलांचा कारखाना हातात घेतलेला मुलगा किंवा मुलगी असो.

आधी देणं चुकतं करा

कौतुकाचा कार्यक्रम आखण्यापूर्वी पगारपत्रक उघडा. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत जमा होतो का? ओव्हरटाइम दुप्पट दराने लागतो का, आणि माणसाने वहीत लिहिलेले तास पगारपत्रकातल्या तासांशी जुळतात का? हातमोजे, सेफ्टी शूज, गॉगल वेळेवर बदलून मिळतात का? पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कँटीन धड आहे का? यातलं काही अडलं असेल तर आधी ते सोडवा. तीन महिन्यांचे ओव्हरटाइमचे तास अडकलेल्या माणसाच्या हातात प्रमाणपत्र दिलं तर त्याला ती चेष्टा वाटते, आणि त्यात त्याची चूक नसते.

याला जुना आधारही आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली निष्कर्ष मांडला. पगार, कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. पण त्या नीट झाल्या म्हणून तो आपोआप झपाटून कामाला लागतो असं नाही. हुरूप येतो तो काम तडीस गेल्याने, त्याची कुणीतरी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने. म्हणजे दोन्ही खाती वेगळी आहेत. एकाची थकबाकी दुसऱ्यातून भागत नाही.

दिवाळीच्या बोनसचंही तसंच. कायद्यात बसणाऱ्या माणसाला किमान ८.३३ टक्के आणि नफ्याप्रमाणे कमाल २० टक्के बोनस हा त्याचा हक्क आहे. वर्षात ३० दिवस काम केलेला माणूस त्याला पात्र ठरतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांच्या आत तो द्यायचा असतो. तेव्हा बोनसचं पाकीट देताना ‘कंपनीने तुमचं कौतुक म्हणून’ असं भाषण करू नका. ऐकणाऱ्याला कायदा माहीत असतो.

कशाचं कौतुक करायचं ते कागदावर उतरवा

‘उत्कृष्ट कामगिरी’ हा निकष नव्हे. त्यात काहीही बसतं, म्हणून शेवटी सुपरवायझरचा लाडका माणूस बसतो. चार-पाच ठोस वागणुकी निवडा, ज्या डोळ्यांना दिसतात आणि ज्यांची कारखान्याला खरोखर गरज आहे. फाउंड्रीत त्या अशा असू शकतात: चूक वेळेत पकडून काम थांबवणं, धोका घडण्याआधी सांगणं, नव्या पोराला हाताला धरून शिकवणं, आपल्या जागेवर केलेली छोटी सुधारणा, दुसऱ्या विभागाची अडचण स्वतःहून सोडवणं.

पहिली वागणूक सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून ती जवळून पाहू. दुसरी शिफ्ट आहे. फर्नेसमध्ये धातू तयार आहे, मोल्डिंगवाले बॉक्स (वाळूचे साचे) लावून थांबलेत. लेडलला, म्हणजे धातू ओतायच्या भांड्याला, नवं अस्तर केलंय, पण ते पुरतं तापलेलं नाही, कडेला ओल दिसतेय. पोअरिंगचा जुना माणूस हात वर करतो आणि ओतकाम थांबवतो. लेडल पुन्हा बर्नरखाली जातं, वीस मिनिटं जातात, शिफ्टचे चार-सहा बॉक्स कमी भरतात. त्या ओलीवर वितळलेला धातू पडला असता तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळला असता आणि चार माणसं भाजली असती. पण शिफ्टच्या फळ्यावर फक्त बॉक्स कमी झाल्याचं दिसतं. तुमची बक्षीस योजना नुसते बॉक्स मोजत असेल, तर ती या माणसाला दंड करते आणि पुढच्या वेळी गप्प बसायला शिकवते. प्रत्येक निकष कागदावर उतरवताना हा माणूस समोर आणा आणि विचारा, या नियमाने त्याचं भलं होईल की नुकसान?

रोजची शाबासकी: तीन वाक्यं, चोवीस तासांच्या आत

योजनेचा हा भाग बिनखर्चाचा आहे आणि तरीही सगळ्यांत जास्त इथेच बिनसतं. ‘छान काम केलंत हं’ असं जाता-जाता म्हटलं की ते कानावरून जातं. शाबासकीत तीन गोष्टी हव्यात: काय केलं, केव्हा-कुठे केलं, आणि त्याने काय झालं किंवा टळलं. वरच्या प्रसंगात सुपरवायझरने एवढंच म्हणायचं:

‘मामा, काल सेकंड शिफ्टला लेडल ओलं दिसलं म्हणून तुम्ही हीट थांबवलीत. वीस मिनिटं गेली, पण आज सगळी पोरं धडधाकट कामाला आलीत. असंच थांबवत चला, बॉक्सचं मी बघतो.’

शेवटचं वाक्य विसरू नका. माणसाला मनातून भीती असते ती वरच्या विचारणेची. ती तुम्ही अंगावर घेतलीत की शाबासकी खरी वाटते.

शाबासकी दिली की लगेच ‘पण’ जोडू नका. ‘काम चांगलं आहे, पण हजेरी सुधारा’ यातली हजेरीच लक्षात राहते. हजेरीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, बाजूला घेऊन करा. आणखी एक गोष्ट: सगळ्यांना चारचौघांत कौतुक आवडत नाही. काहीजण संकोचतात, काहींना नंतर सोबत्यांचे टोमणे खावे लागतात. नवा माणूस भरती होतानाच विचारून ठेवा, चारचौघांत चालेल की एकट्यात.

सुपरवायझरना हे आपोआप येत नाही. त्यातले बरेचसे चांगले कारागीर म्हणून बढती मिळालेले असतात. चूक दिसणं हा त्यांच्या नजरेचा गुण असतो. त्यांना खिशात मावेल अशी छोटी वही द्या, आठवड्याला निदान तीन नोंदी करायला सांगा आणि सोमवारच्या उत्पादन बैठकीत पहिली पाच मिनिटं त्या वाचा. सहा आठवडे असं झालं की सवय लागते. रिकामी वही दिसली तर रागावू नका, त्या माणसाबरोबर अर्धा तास शॉपमध्ये फिरा. दोन-तीन नोंदी तिथेच सापडतात.

महिन्याची निवड

ऐंशी माणसांतून महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा. उरलेल्या अडुसष्टांना वर्षभर काहीच नाही. शिवाय चार-सहा महिन्यांनी ‘याला मिळालंय, आता त्याचा नंबर’ अशी पाळी सुरू होते आणि सगळ्यांना ते कळतं. म्हणून ‘एकच सर्वोत्तम’ ही कल्पना सोडा. निकषाला उतरणारे जितके असतील तितके, एखाद्या महिन्यात पाच, एखाद्या महिन्यात एकही नाही. ‘या महिन्यात कुणी नाही’ असं एकदा तरी जाहीर झालं की योजनेवरचा विश्वास वाढतो.

नाव सुचवायला पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी छापा. तीनच ओळी: कोणी, काय केलं, त्याने काय झालं. ‘स्वभावाने चांगला, आज्ञाधारक’ अशी चिठ्ठी आली तर प्रसंग लिहून द्या म्हणून परत करा. चिठ्ठी कुणालाही भरता यावी, हेल्परलाही. लिहिता येत नसेल त्याचं टाइमकीपरने ऐकून लिहायचं. निवडीला पाच जण पुरेत: उत्पादन, क्वालिटी, मेंटेनन्स, एचआर आणि दर तीन महिन्यांनी बदलणारा एक कामगार. स्वतःच्या विभागातल्या नावावर त्या सभासदाने मत द्यायचं नाही. महिना संपला की ५ तारखेच्या आत बैठक, १० तारखेच्या आत बक्षीस. त्यापेक्षा उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं तेच माणूस विसरतो.

कुस्तीच्या मैदानात हे आपल्याकडे फार पूर्वीपासून कळतं. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मोठ्या पैलवानांच्या मोठ्या इनामावर, पण कुस्ती निकाली झाली की इनाम तिथल्या तिथे, अंगाची माती झटकायच्या आत, आणि हलगी दोघांसाठीही वाजते. रक्कम लहान असली तरी चालते. ती लगेच आणि सगळ्यांसमोर मिळाली पाहिजे.

सांघिक कामाचं बक्षीस एकाला देऊ नका. रिजेक्शन (नापास होणारा माल) उतरलं तर त्यात सँड प्लांट, कोअर शॉप, मोल्डिंग आणि मेल्टिंग या चौघांचाही हात असतो. कोअरचा (कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या भागाचा) वायू बाहेर पडायची वाट बुजली असेल तर मोल्डर कितीही निगुतीने काम करो, ब्लो होल (वायूमुळे पडणारं भोक) येणारच. अशा वेळी संपूर्ण साखळीला बक्षीस द्या, आणि पगाराच्या टक्क्यांत नको, हेल्परपासून इन्चार्जपर्यंत सारखी रक्कम द्या.

आकड्याला बक्षीस लावलं की आकडा बदलतो

रिजेक्शन कमी झालं म्हणून रोख बक्षीस ठेवलं, आणि पुढच्याच महिन्यात आकडा खाली आला, तर आनंदाच्या आधी वजनं जुळवा. खराब कास्टिंग तपासणीला न जाता परस्पर रिटर्न्सच्या (पुन्हा वितळवायच्या धातूच्या) ढिगात आणि तिथून फर्नेसमध्ये जाऊ शकतं. ओतलेला धातू, पास झालेलं कास्टिंग, रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू) आणि नोंदलेलं रिजेक्शन यांच्या वजनांचा ताळा दर महिन्याला बसला पाहिजे. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करण्याला) नगावर बक्षीस लावलं तर ग्राइंडिंग घाईचं होतं. सीएनसीवर फक्त नग मोजले तर टूल बदलायची वेळ पुढे ढकलली जाते.

यातला सगळ्यांत धोकादायक प्रकार म्हणजे ‘शून्य अपघात’ बक्षीस. शंभर दिवस अपघात नाही, सगळ्यांना भेटवस्तू, असं जाहीर केलं की नव्व्याण्णवाव्या दिवशी बोट चेचलेला माणूस सोबत्यांची भेट जाऊ नये म्हणून रुमाल बांधून गप्प बसतो. जखम चिघळते, ईएसआयकडे (कामगार विम्याकडे) नोंद करायची राहून जाते, आणि त्याच मशीनवर पुढे मोठा अपघात होतो. बक्षीस अपघात न होण्याला ठेवू नका, धोका सांगण्याला ठेवा. तुटलेला गार्ड, झिजलेली स्लिंग, तेल सांडलेली वाट, थोडक्यात टळलेला प्रसंग, जो सांगेल त्याला दाद. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी वर्षभरात सांगितलेले धोके आणि त्यावर केलेले उपाय फलकावर लावा. सुरुवातीला नोंदी वाढतील. ते चांगलं लक्षण आहे, हे मालकांना आधीच समजावून ठेवा.

हजेरीच्या बक्षिसातही अशीच खोच आहे. आपल्याकडचे बरेच कामगार पाच-पंचवीस किलोमीटरवरच्या गावांतून मोटरसायकलने येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. अशा महिन्यात ‘शंभर टक्के हजेरी’ म्हणजे नदीच्या कुठल्या बाजूला घर आहे त्याचं बक्षीस. पुराचे दिवस, मंजूर रजा, कामावर झालेली दुखापत, बाळंतपण हे हजेरीच्या हिशेबातून वगळा आणि तसं नियमातच लिहा. तापाने फणफणलेला माणूस बक्षिसासाठी फर्नेससमोर उभा राहता कामा नये. जोतिबाची यात्रा, भाताची लावण, गणपती या दिवसांत हजेरी पडते हे दर वर्षीचं आहे. त्याला उपाय बक्षिसाचा नाही, महिनाभर आधी रजेचं वेळापत्रक लावण्याचा आहे.

किती पैसा, कोणत्या रूपात

एक हिशेब मांडू. ८० माणसं, सरासरी पगार १८,००० रुपये. महिन्याचा पगार १४,४०,००० रुपये, वर्षाचा १,७२,८०,००० रुपये. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ८६,४००. सुरुवातीला एवढं पुरतं. महिन्याच्या बक्षिसांना दरमहा ४,००० प्रमाणे ४८,०००, वार्षिक कार्यक्रमाला २५,०००, उरलेले १३,४०० सूचना योजनेला. पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळे काढा. मार्चमध्ये रोकड ताणली गेली की पहिली कात्री इथेच लागते, आणि थांबलेली योजना न सुरू केलेल्या योजनेपेक्षा वाईट.

दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, सगळ्यांना सारखी रोख रक्कम देऊ नका. ती दोन-चार महिन्यांत पगाराचा भाग होते आणि तिचं कौतुक उरत नाही. सणाला सलग बरीच वर्षं, एकाच दराने, नफा-तोटा न बघता दिलेली रक्कम पुढे ‘प्रथेचा बोनस’ म्हणून मागता येते, आणि रुळलेली सवलत परस्पर काढून घेतली तर औद्योगिक वाद उभा राहतो. म्हणून योजनेच्या कागदावर मुदत लिहा, उदाहरणार्थ १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि दर वर्षी निकषांसह नव्याने जाहीर करा.

वस्तू द्यायची तर घरात रोज वापरली जाणारी द्या: प्रेशर कुकर, चांगला थर्मास, जेवणाचा डबा, कोल्हापुरी चपलेचा जोड माप विचारून. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत छापू नका. हुपरीच्या चांदीचं नाणं वार्षिक सन्मानाला शोभतं, पण नियमात ग्रॅम लिहू नका, रुपये लिहा. चांदीचा भाव वर्षात कुठल्या कुठे जातो.

करांचं थोडक्यात. रोख बक्षीस हे पगारासारखंच करपात्र उत्पन्न. वस्तुरूप भेटीला वर्षाला ठराविक रकमेपर्यंत सूट असते. १९६२ च्या आयकर नियमांत ती ५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा चालू वर्षाची मर्यादा सीएकडून लिहून घ्या. हा मुद्दा मुख्यतः इंजिनिअर आणि मॅनेजर मंडळींना लागू पडतो. जीएसटीत मालकाने कर्मचाऱ्याला एका आर्थिक वर्षात दिलेली ५०,००० रुपयांपर्यंतची भेट पुरवठा धरली जात नाही, मात्र भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंच्या खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. बिलं वेगळ्या फायलीत ठेवा.

सूचना योजना

टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली आणि ती आजही चालू आहे. आपल्याकडे पेट्या लागतात आणि कुलूप गंजतं. कारण एकच: उत्तर मिळत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा. सात दिवसांत उत्तर, होकार असो वा नकार, आणि नकाराचं कारण माणसाला तोंडी सांगायचं. स्वीकारलेली सूचना महिन्याभरात अमलात आणायची आणि तिथे फलक लावायचा: ‘ही कल्पना कोअर शॉपच्या अमुक यांची.’ बक्षिसाची रक्कम लहान आणि ठरलेली असू द्या, १०० आणि ५०० अशा दोन पायऱ्या पुरतात. ‘बचतीच्या इतके टक्के’ असं ठेवलं की बचत किती झाली यावर महिनोन्‌महिने घोळ चालतो, आणि जो वाद सुरू झाला तो त्या कल्पनेलाच खाऊन टाकतो.

एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना त्यासाठी पैसे दिले आणि मग ते थांबवले, तर त्यांचा कोड्यातला रस पूर्वीपेक्षा उतरला. प्रत्येक चांगल्या गोष्टीवर किंमत चिकटवू नका, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ.

सन्मानाची पाच मिनिटं

महिन्याचा सन्मान शिफ्ट बदलताना करा, म्हणजे दोन शिफ्टचे लोक समोर असतात. मशीनचा आवाज बंद होऊ द्या. प्रसंग वाचायचा त्या माणसाच्या थेट वरिष्ठाने, बक्षीस द्यायचं मालकांनी किंवा प्लांट हेडने. नाव नीट उच्चारा. वर्षानुवर्षं ‘ए पाटील’ म्हणून हाक मारलेल्या माणसाचं पूर्ण नाव सगळ्यांसमोर घेतलं जातं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पाच मिनिटांत संपवा, घरी जायची बस किंवा जोडीदाराची मोटरसायकल चुकता कामा नये.

वार्षिक कार्यक्रमाला खंडेनवमी किंवा दसरा हा आपला मुहूर्त. मशिनींना झेंडूचे हार घातलेले असतात, घरची माणसं आलेली असतात. फेटा बांधून, श्रीफळ देऊन सन्मान करा आणि प्रसंग घरच्यांना ऐकू द्या. ज्यांच्या नोंदी सतत चांगल्या आहेत त्यांचं नाव महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या ‘गुणवंत कामगार’ पुरस्कारासाठी सुचवा. जून आणि डिसेंबरच्या पगारातून मंडळाचा निधी आपण भरतोच. पुरस्काराच्या अर्जाला लागणारे सूचनांचे आणि प्रमाणपत्रांचे कागद वर्षभर जपून ठेवले तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

कंत्राटी कामगारांना वगळू नका. ओतकाम करणारे हात बरेचदा त्यांचेच असतात. रोख रक्कम कंत्राटदाराच्या पगारपत्रकातून जाऊ द्या, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो. पण प्रसंग वाचणं, टाळ्या, फेटा यात कुठलाही फरक नको.

दर तीन महिन्यांनी रजिस्टर उघडा

नाव, विभाग, शिफ्ट, कायम की कंत्राटी, स्त्री की पुरुष, कोणत्या प्रसंगाबद्दल, कुणी सुचवलं, तारीख. एवढे रकाने पुरेत. तीन महिन्यांनी विभागवार बेरीज करा. मोल्डिंगची बारा नावं आणि मेंटेनन्सचं एकही नाही असं दिसलं, तर मेंटेनन्सवाले कामचुकार आहेत असं समजू नका. बंद न पडलेलं मशीन कुणाला दिसत नाही, म्हणून त्यांचं काम डोळ्यांत भरत नाही. स्टोअर्स, सँड प्लांट, झाडलोट, सिक्युरिटी यांचंही असंच होतं. त्या विभागासाठी वेगळा प्रश्न ठरवा: मेंटेनन्सला ‘या महिन्यात बिघाड होण्याआधी काय बदललं?’, स्टोअर्सला ‘कोणता माल संपण्याआधी मागवला?’

एकाच सुपरवायझरच्या चिठ्ठ्या सारख्या येत असतील तर इतरांना वही पुन्हा द्या. आणि तिसऱ्या शिफ्टचा रकाना रिकामा असेल तर कारण साधं आहे: रात्री बघायला कुणी नसतं. महिन्यातून दोनदा प्लांट हेडने पहाटे पाचला शॉपमध्ये यायचं, चहा तिथेच घ्यायचा आणि शिफ्ट सुटण्याआधी तिसऱ्या शिफ्टची चिठ्ठी स्वतःच्या हाताने भरायची.